ताटांची खिडकी

मुलींचं वसतिगृह, अल दुहैल
३ सप्टेंबर २०२४

ती. बाबा,
नमस्कार.

मयूरदादा आमच्या कॅन्टीनला भाजी उतरवतोय, तेवढ्यात हे लिहून त्याच्या हातात द्यायचंय. इथून त्याची गाडी थेट तुमच्या मेसला येते. मघाशी म्हणाला, "चाळीस किलोमीटरवर बाप राहतो, दोघांच्या खिशात फोन आहेत, आणि तुम्ही पत्रं कसली लिहिता?" मी म्हटलं, "दादा, मी वाचायला शिकले तीच बाबांच्या कतारहून आलेल्या पत्रांवर. फोनवर आमचं 'जेवलीस का' आणि 'जेवलात का' एवढं झालं की खलास." तो हसला, पण कोथिंबिरीच्या जुड्यांखाली पत्रासाठी कोरडी जागा करून ठेवलीय त्यानं.

आता बातमी. पुढे डॉक्टर व्हायचं म्हणून शिकणाऱ्या आमच्यासारख्यांची कॉलेजात एक ऑनर सोसायटी आहे. दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आयुष्यात एकदाच. चांगले मार्क लागतात, ते आहेत. प्राध्यापकांचं पत्र लागतं, ते खतिजा मॅडमनी दिलंय. त्या स्वतः डॉक्टर आहेत, हैदराबादच्या, आणि सोसायटीचं सगळं त्याच बघतात. तिसरी अट चाळीस तासांच्या सेवेची. गेल्या वर्षी रक्तदान शिबिरांत माझे सव्वीस झाले. उरलेले चौदा एका दवाखान्यात करायचे होते, तर तिथली जागा भरली. अर्जाची शेवटची तारीख वीस ऑक्टोबर.

मला ही सोसायटी का हवीय ते सांगते. तिच्या सभासदांनाच उन्हाळ्यात हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या मागे वॉर्डात फिरायला मिळतं. बाबा, मी अजून एकही वॉर्ड आतून पाहिलेला नाही. आपल्या घरात याआधी कुणी कॉलेजचं तोंडही पाहिलं नव्हतं, मग वॉर्ड कोण दाखवणार?

म्हणून विचारते. तुमच्या कामगारांच्या कॅम्पात उन्हाच्या आजारांवर मी बोलले तर? मला खूप सांगायचंय त्यांना.

तुमची,
नीलू


बिरकत अल अवामेर
७ सप्टेंबर

चि. नीलू,
आशीर्वाद.

आज गणपती. मेसमध्ये तळणीचे मोदक केले, दीडशे. बिहारवाल्यांनी विचारलं, हा समोसा गोड का आहे. तुझे चार मयूरकडे दिलेत. तीनच मिळाले तर त्याला विचार.

ती सोसायटी काय आहे ते मला नीट कळलं नाही. तुला पाहिजे एवढं कळलं. कॅम्प बॉसला विचारलं. तो म्हणाला, पोरी दोघी मिळून येतील आणि आपला नर्स कैवल्य तिथं बसेल, तर हरकत नाही. कैवल्य नाशिकचा आहे, सरळ पोरगा. तासांवर सही तोच करील.

शुक्रवारी तेरा तारखेला ये. इथं बायामाणसं येत नाहीत कधी. तू येणार म्हणून दोऱ्यांवरचे बनियन काढून घ्यायचा हुकूम निघालाय. आजपासूनच लोक मला विचारायलेत, डॉक्टरीणबाई कधी येणार. मी म्हटलं, अजून व्हायची आहे. तर म्हणाले, तुमची पोरगी आहे म्हणजे होणारच, इन्शाल्ला.

तुझा बाबा


अल दुहैल
१४ सप्टेंबर

ती. बाबा,

मोदक तीनच मिळाले. मयूरदादा म्हणतो रस्त्यात खड्डा होता.

काल तुमच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून पटकन बसमध्ये चढले. दोनशे माणसांचा हॉल आणि आले अकरा! त्यातले चार झोपले. एकानं शेवटी हात वर केला, मला वाटलं प्रश्न आहे, तर त्याला त्याच्या आईच्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवायचा होता. मी दहा दिवस खपून अडतीस स्लाइड केल्या होत्या. शरीरातलं पाणी कमी झालं की काय होतं, लघवीचा रंग कसा ओळखायचा, सगळं हिंदीत. सुमैया परत येताना म्हणाली, "पस्तिसाव्या स्लाइडला मलाही चक्कर यायला लागली होती, ते उन्हानं नव्हतं." माझी एकुलती एक मैत्रीण, आणि ही तिची भाषा.

मला वाईट याचं वाटतं की त्यांच्याच जिवाचा प्रश्न आहे आणि त्यांनाच त्याची पर्वा नाही. कैवल्यदादांनी दोन तासांवर सही केली. अजून बारा हवेत. पण असेच अजून बारा तास माझ्याच्यानं बोलवणार नाही, बाबा.

नीलू


बिरकत अल अवामेर
१७ सप्टेंबर

चि. नीलू,
आशीर्वाद.

पर्वा नाही असं लिहू नको. शुक्रवारी दोन वाजता तिकडं गावाकडं साडेचार वाजलेले असतात, लेकरं शाळेतून घरी येतात. आठवड्यातून त्याच वेळेला माणूस निवांत घरी बोलतो. तू नेमकी तीच वेळ धरलीस. चूक माझी आहे, मी सांगायला पाहिजे होतं. तू येणार याच आनंदात राहिलं.

तू चांगलं बोललीस. मला निम्मं कळलं. पण दोन तास तूच बोललीस.

आता माझं ऐक. औशाला मी काशिनाथ आचाऱ्याच्या हाताखाली लग्नाचं जेवण करायचो. पंगत उठली की तो मला पत्रावळी उचलायला लावायचा. मला राग यायचा. तो म्हणायचा, "श्याम्या, कोण उपाशी उठलं ते मला येऊन सांग. मीठ चुकलं का माणसाचं काही दुखतंय, ते मग बघू." ती खोड मला इथंही आहे. मेसमध्ये जेवण झालं की प्रत्येकजण खिडकीतून ताट आत सरकवतो. पोरं भांडी घासतात, मी ताटं बघतो. पंधरा वर्षं झाली. ज्याला ऊन लागणार असतं, त्याचं खाणं दोन दिवस आधी तुटतं. आधी भात राहतो. मग भाकरी-रोटी. ताक मात्र दोनदा मागतो. असा माणूस दिसला की मी कैवल्यकडं पाठवतो.

तुला माणसं बघायची आहेत ना? शुक्रवारी साडेअकराला खिडकीजवळ ये. स्लाइड आणू नको. सुमैयाला आण. तिला आपली आमटी आवडली होती.

बाबा


अल दुहैल
२८ सप्टेंबर

बाबा, बाबा, बाबा,

नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे समजा.

पहिल्या शुक्रवारी मी काय गोंधळ घातला ते तुम्ही पाहिलंच. ज्याच्या ताटात काही उरलं त्याला मी अडवलं. सात जण! एकाचा दात दुखत होता, एकाला दुधी आवडत नाही, एकाचा उपवास होता पण मित्रांना सोबत म्हणून बसला होता. आणि तुम्ही मागे उभे राहून नुसते पातेलं खरवडत होतात. मी खूप चिडले होते तुमच्यावर, आता सांगते.

पण काल! निळ्या टोपीचे ते चाचा आले तेव्हा त्यांचं ताट मला रिकामंच दिसलं. मी सोडून देणार होते. तुम्ही डाव माझ्या कोपराला टेकवलात, तेव्हा पुन्हा पाहिलं. दोन रोट्या पेल्याखाली दडपून ठेवलेल्या. म्हणजे न खाल्लेलं लपवायचं होतं त्यांना. मी विचारलं, "चाचा, भूख नहीं लगी?" म्हणाले, "लगी थी बेटी, पर गई।" मग मी सावकाश विचारलं. पोटऱ्यांत गोळे येतात का? येतात. लघवीला कधी गेलात? ते लाजले, मीही लाजले, सुमैयानं छताकडे पाहिलं. सकाळपासून नाही. कैवल्यदादांकडे घेऊन गेले, त्यांनी सलाईन लावलं, आणि दीड तासानं चाचांनी काय विचारावं? "वो दो रोटी फेंक दी क्या?"

बाबा, माझ्या पुस्तकात याचं एक आख्खं प्रकरण आहे. त्यात पेल्याखालच्या रोट्या कुठेच नाहीत.

आता मी वहीत लिहून ठेवते. नाव नाही, फक्त वेळ आणि काय दिसलं ते. तुमचं ताटही पाहिलं. शीतसुद्धा राहत नाही तुमच्या ताटात. एवढा स्वच्छ माणूस मी कसा ओळखणार आजारी पडला तर?

नीलू


अल दुहैल
१४ ऑक्टोबर

ती. बाबा,

चार शुक्रवार झाले, बारा तास भरले, आणि काल माझा अर्ज परत आला.

कैवल्यदादा सरळ माणूस आहे हे तुमचं म्हणणं खरं निघालं. ते म्हणाले, "मी खिडकीपाशी नव्हतो, मी माझ्या खोलीत होतो. जे पाहिलं नाही त्याच्यावर सही कशी करू?" खिडकीपाशी सुमैया सोडली तर फक्त तुम्ही होता, आणि ती तर विद्यार्थिनी. म्हणून देखरेख करणाऱ्याच्या जागी मी लिहिलं: श्यामराव गायकवाड, मुख्य आचारी. लिहिताना ऊर भरून आला होता. खाली बारीक अक्षरात होतं की नातेवाइकाची सही चालत नाही. मी इतकी मोठी अडतीस स्लाइडची अभ्यासू मुलगी, आणि तेवढं वाचलं नाही.

वीस तारखेपर्यंत दुसऱ्या कुणाची सही आणायची, नाहीतर अर्ज बाद. परत करता येत नाही हे लिहिलंच होतं. एकच शुक्रवार उरलाय आणि बारा तास एका दिवसात होत नाहीत.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचं नाव लिहिलं याचं मला जराही वाईट वाटत नाही.

नीलू


बिरकत अल अवामेर
१५ ऑक्टोबर

चि. नीलू,

काळजी सोड. तू मयूरकडं दिलेला कोरा फॉर्म सोबत परत पाठवतोय, सहीसकट. आपले स्टोअरकीपर सुरेशभाऊ आहेत, त्यांनी आनंदानं सही केली. शिक्कापण मारला. चारही शुक्रवार ते खिडकीपाशी होते असं त्यांनी लिहिलंय. इथं आम्ही एकमेकांसाठी एवढं करतोच. कुणाला हजेरीला उशीर झाला तर दुसरा सांभाळून घेतो.

तू केलंस ते खरंच केलंस, मग सही कुणाची का असेना. यल्ला, लवकर दे जाऊन.

बाबा


अल दुहैल
१६ ऑक्टोबर

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तीनदा फाडून लिहितेय.

सुरेशकाकांना माझा नमस्कार सांगा. फॉर्म परत पाठवतेय. त्यांनी किती प्रेमानं सही केली आणि तुम्ही किती प्रेमानं ती मागितली असेल, हे मला दिसतंय. दोन तास तो कागद टेबलावर समोर ठेवून बसले. द्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू. शिक्कासुद्धा किती ठळक आहे.

पण बाबा, निळ्या टोपीच्या चाचांनी रोट्या पेल्याखाली लपवल्या होत्या. ताट रिकामं दिसत होतं, आणि तुम्हीच मला पुन्हा बघायला लावलंत. आता मी असंच ताट खतिजा मॅडमच्या पुढे सरकवू? त्यांना कळलं नाही तरी मला माहीत असेल की पेल्याखाली काय आहे. उद्या कुणाच्या तपासणीच्या कागदावर मी सही करीन, तेव्हा वाचणाऱ्यानं ती खरी धरावी असं मला वाटतं. ते वीस वर्षांनी सुरू होत नाही ना, आत्ताच व्हायला हवं.

मी रागावलेली नाही. तुम्हीही रागावू नका. आज दुपारी मॅडमना भेटून एवढंच सांगितलं की बारा तासांना वडिलांखेरीज साक्षीदार नाही. तुमच्या या फॉर्मबद्दल बोलले नाही, ते आपल्या दोघांतच राहील. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी मी स्वतः बघायला जाते. तू येऊ नकोस. तू नसताना मला बघायचंय." माझी वही त्यांनी ठेवून घेतली, आणि कॅम्प बॉसना त्यांनीच फोन केलाय.

म्हणजे परवा तुमच्या खिडकीपाशी त्या असतील आणि मी इथे भिंतीकडे बघत बसेन. आमटी तिखट करू नका. हैदराबादच्या असल्या तरी.

नीलू


बिरकत अल अवामेर
१८ ऑक्टोबर, संध्याकाळ

चि. नीलू,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा राग आला. मग लाज वाटली. मग जिरं करपलं. ते असो.

मॅडम बरोबर साडेअकराला आल्या. मला वाटलं जाड भिंगाच्या, उंच असतील. तुझ्या मायेएवढ्याच आहेत. मी खुर्ची दिली, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "नीलांबरी कहाँ खड़ी रहती है?" मी जागा दाखवली, तिथंच उभ्या राहिल्या, तीन तास.

आता ऐक गंमत. पहिलीच पंधरा-वीस ताटं भात ठेवून आली! मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, चेहरा गंभीर. एकाला थांबवून विचारलं, तबियत कैसी है, सर में दर्द है? तो म्हणाला, "तबियत ठीक है मॅडम, आज चावल कच्चा है।" नीलू, धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पंधरा वर्षांत भात कधी कच्चा राहिला नाही, तो आज राहिला. सारखा दाराकडं बघत होतो, पाण्याचं माप चुकलं. मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "श्यामरावजी, आज तो पूरा कॅम्प मरीज़ निकलता।"

नंतर एकाचं ताट त्यांनीच ओळखलं. दोनदा ताक मागितलेला. मला न विचारता कैवल्यकडं पाठवला.

मग त्या कैवल्यच्या खोलीत गेल्या. त्याच्या रजिस्टरात एक खाना असतो, कुणी पाठवलं. तो मला कधी सुचलाच नव्हता. चार शुक्रवारची अकरा माणसं, प्रत्येकापुढं वेळ, आणि पुढं त्यानं लिहिलंय: नीलांबरी. पहिला पावणेबाराचा, शेवटचा सव्वादोनचा. तुझी वही त्यांच्या पर्समध्ये होती, त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. कैवल्य म्हणाला, "मैंने उसे खिड़की पर नहीं देखा मॅडम. पर ये ग्यारह लोग उसी ने भेजे, ये मैं लिखकर दूँगा।"

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला राहवलं नाही. त्या निघाल्या तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, बाईसाहेब, मी एक खोटा फॉर्म केला होता, सुरेशची सही घेऊन. पोरीनं परत पाठवला. तिनं तुम्हाला सांगितलं नसेल, माझी लाज राखायला. चूक माझी आहे, तिच्या अर्जावर लिहू नका.

त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं. "शुक्रन, श्यामरावजी" म्हणाल्या आणि गेल्या.

मी बिघडवलं का गं?

बाबा


अल दुहैल
२७ ऑक्टोबर

माझे बाबा,

तुमचं ते पत्र वाचून मी आठ दिवस धड झोपले नाही, आणि तुम्हाला उत्तर तरी काय लिहू म्हणून लिहिलं नाही. फोनवर तुम्ही "जेवलीस का" विचारलंत, मी "हो" म्हटलं. तेही खोटंच होतं.

आज यादी लागली. सोळा नावं आहेत. सुमैया माझ्या आधी धावत गेली, आणि तिथूनच ओरडली, "आमटीवाली पास!" सगळी मजल्यावरची मुलं विचारतायत आमटीवाली कोण.

मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "तुझे बारा तास रजिस्टरनं सिद्ध झाले, त्यावर मी सही केली. पण समितीत एकानं विचारलं की वडिलांच्या मेसमधलं काम, त्यावर विश्वास का ठेवायचा? मग मी त्यांना त्या फॉर्मची गोष्ट सांगितली. तू परत पाठवलास ती, आणि तुझ्या वडिलांनी मला स्वतःहून सांगितली ती. नंतर कुणी काही विचारलं नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि त्यांना सांग, भात मीही कच्चाच करते."

तुम्ही काही बिघडवलं नाहीत. ऐकू येतंय का? काहीही नाही.

आता महत्त्वाचं. चौदा नोव्हेंबरला संध्याकाळी समारंभ आहे. सोसायटीची रीत अशी की ज्यानं आपल्याला या विद्येचा पहिला धडा दिला त्याच्या हातून बिल्ला लावून घ्यायचा. मुलं शाळेतल्या सरांना बोलावतायत, दोघांचे आईवडील डॉक्टरच आहेत. मी फॉर्मवर लिहिलं: श्यामराव गायकवाड, मुख्य आचारी. या वेळी बारीक अक्षरं दोनदा वाचली. चालतं.

सुट्टी मागा. नाही मिळाली तर मॅडम कॅम्प बॉसना परत फोन करणार आहेत, आणि मला वाटतं ते त्यांना घाबरतात.

नीलू


बिरकत अल अवामेर
१५ नोव्हेंबर

चि. नीलूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

शर्ट कसा होता ते तू सांगितलं नाहीस. सुरेशभाऊ माझ्याबरोबर सूक वाकिफच्या बाजारात आले होते घ्यायला. निळा घ्या म्हणत होते. मी पांढराच घेतला, सवयीचा. तुझ्या मायेला फोटो पाठवलाय. ती म्हणाली, पोरीपेक्षा तुम्हीच नटलात.

बिल्ला उलटा लागला, हे मला गाडीत बसल्यावर मयूरनं सांगितलं. माझ्या बोटांना भाजून भाजून बारीक टाचणी कळत नाही. तू रात्रभर तसाच का ठेवलास? कुणी सरळ करायला आलं तर हात झटकत होतीस, मी पाहिलं.

इकडं सकाळी नाश्त्याला सगळे उभे राहिले. निळ्या टोपीच्या चाचांनी विचारलं, "हमारी डॉक्टरनी को मिला?" मी मान हलवली. त्यांनी ताट खिडकीतून सरकवलं, पुसून घेतल्यासारखं स्वच्छ, आणि पेला उचलून दाखवला. खाली काही नव्हतं.

एक गोष्ट राहिली. काल जेवताना तू माझ्यापासून चार टेबलं लांब होतीस. मी सवयीनं बघितलं. तुझ्या ताटात निम्मा भात तसाच होता. उठून येणार होतो. तेवढ्यात तू सुमैयाला काहीतरी सांगत इतकी हसलीस की चमचा खाली पडला. मग मी बसलो. माणूस आनंदानंही जेवायचं विसरतो, हे मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ताटं बघतोय, असं ताट खिडकीत कधी आलं नव्हतं.

तुझा बाबा


अल दुहैल
१६ नोव्हेंबर

ती. बाबा,

मयूरदादा हॉर्न वाजवतोय, म्हणून दोनच ओळी.

मीही तुमच्याकडे बघत होते. तुम्ही उठल्यावर तुमच्या टेबलापाशी जाऊन आले. अर्धा भात, आख्खी रोटी, आणि पेल्याखाली काही नाही.

नीलू